कोणीही न ठेवलेले नाव

चिपळूणला राहणाऱ्या माझ्या मावशीचे समाजमाध्यमावरचे खाते मागच्या पावसाळ्यात एका सकाळी उघडेनासे झाले. पडद्यावर ‘आपली ओळख पटवून द्या’ एवढीच सूचना होती आणि तिच्याखाली सरकारी ओळखपत्राचा फोटो चढवण्यासाठी एक चौकोन होता. मावशीने आधार कार्डाचा फोटो चढवला. थोड्या वेळाने उत्तर आले, की खात्यावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळत नाही. ते जुळणे शक्यच नव्हते, कारण आधारवर तिचे सासरचे नाव आहे आणि लिहीत आली आहे ती माहेरच्या नावाने. मग जेवणाच्या टेबलावर एकेक कागद मांडला गेला: शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा उतारा, पेन्शनचे पुस्तक, बी.एड.चे प्रमाणपत्र. हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही नावांची बाई एकच आहे हे गावच्या तलाठ्याला पाहताक्षणी पटले असते, पण पलीकडे पाहणारे कोणी नव्हते. प्रत्येक फोटोला तेच उत्तर, त्याच शब्दांत येत राहिले. मावशीने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आहे. शेवटी चष्मा काढून ती म्हणाली, “अगं, पक्ष काय आणि साध्य काय हे कोणी सांगेल, तर मी सिद्धता लिहून देईन ना.” तिच्या आवाजात रागापेक्षा अपमान अधिक होता आणि तो पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही.

मावशीला आयुष्यात मिळालेली नावे मी त्या रात्री मनाशी मोजत होते. बारशाला आत्याने ठेवलेले एक. तेच नाव शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी आपल्या मताने ‘शुद्ध’ करून लिहिले, ते दुसरे. आणि लग्नाच्या संध्याकाळी चांदीच्या ताटात तांदूळ पसरून काकांनी सोन्याच्या अंगठीने लिहिलेले तिसरे, जे ताट समोर आल्यावर तिने पहिल्यांदा वाचले. ती सांगते, की अंगठी ताटाच्या तळाला घासल्याचा बारीक आवाज आणि तांदळाचा वास तिला अजून आठवतो. नाव वाचून बायकांनी कौतुक केले, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नव्या नावाने हाक आली की ‘ओ’ द्यायची सवय सुरू झाली. ते नाव तिला आवडत नव्हते असे मुळीच नाही. काका गेल्यानंतर तर त्या नावाने हाक मारणारे माणूस उरले नाही याचेच तिला वाईट वाटते. पण या तिन्ही वेळांना तिला कोणी विचारले नव्हते. निवृत्तीनंतर ती कातळसड्यावरच्या फुलांविषयी, टाकळा, फोडशी, भारंगी अशा रानभाज्यांविषयी लिहू लागली आणि तेव्हा तिने माहेरचे पहिले नाव आणि वडिलांचे आडनाव स्वतःहून उचलले. सीतेची आसवे आणि दीपकाडी या फुलांवरचे तिचे लिखाण ज्यांनी वाचले, त्यांना ती याच नावाने ठाऊक आहे.

ते तिने स्वतः निवडलेले पहिले नाव होते, आणि जिथे ते होते ती जागा तिची नव्हती.

हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असते, तरी आपण ते मनावर घेत नाही. आपले नाव, आपल्याला वाचणाऱ्यांची यादी, आलेली पत्रे आणि वर्षानुवर्षांचे लिखाण हे सारे कंपनीच्या कोठारात एका नोंदीखाली ठेवलेले असते, आणि ती नोंद कंपनीची असते. ती पुसायला दुष्टपणा लागत नाही. लोकांची घरगुती वेबपाने ठेवणारे जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले; दोन्ही वेळा कोणावर सूड उगवायचा नव्हता, हिशेब जमत नव्हता इतकेच. ऑर्कुटवर माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी रोमन अक्षरांतल्या मराठीत एकमेकांची थट्टा केली, समजूत घातली, लग्ने जुळवली. ते बोलणे आज जसेच्या तसे वाचायचे म्हटले तर वाट नाही. ईमेलची घडण याहून कितीतरी उदार आहे. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या प्रोटोकॉलचा, म्हणजे संगणकांनी एकमेकांना पत्रे कशी पाठवायची त्या सामाईक नियमांचा, मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हापासून कोणीही स्वतःचा सर्व्हर उभा करून जगातल्या दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरला पत्र पाठवू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. पण तिथेही पत्त्यातल्या ‘ॲट’च्या चिन्हाच्या उजवीकडे ज्याचे घर, त्याच्या मर्जीवर डावीकडच्याचे राहणे असते. नोकरी सुटली की कचेरीचा पत्ता सुटतो, आणि त्या पत्त्यावर येणारी माणसेही सुटतात.

ओळख कोणाच्याही दारात न ठेवता स्वतःजवळ ठेवता येईल, हे गणिताने मात्र फार आधी सांगून ठेवले होते. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी किल्ल्यांच्या, म्हणजे एकमेकींशी बांधलेल्या दोन गणिती संख्यांच्या, जोडीची कल्पना मांडली: एक किल्ली जगाला द्यायची, दुसरी कोणालाही दाखवायची नाही, खाजगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीच्या आधारे कोणालाही पडताळता यावी, पण जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली शोधणे व्यवहारात अशक्य असावे. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तशी चालणारी पद्धत दिली. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा संदेश सांकेतिक करणारा प्रोग्रॅम सामान्य माणसाच्या हाती दिला, तेव्हा अमेरिकेच्या निर्यात कायद्यात अशी सांकेतिक लेखनाची साधने शस्त्रास्त्रांच्या यादीत होती. प्रोग्रॅम देशाबाहेर गेला म्हणून त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली, ती १९९६ मध्ये सोडून देण्यात आली. दरम्यान, १९९५ मध्ये, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने त्या प्रोग्रॅमचा संपूर्ण मजकूर छापील पुस्तक म्हणून काढला. फ्लॉपी परदेशी नेणे गुन्हा ठरू शकत होते, पुस्तक नेणे नव्हे. पीजीपीत ‘ही किल्ली याच माणसाची’ असे सांगणारी कचेरी नव्हती. माणसे प्रत्यक्ष भेटत, एकमेकांचे कागद पाहत आणि एकमेकांच्या किल्ल्यांवर सही करत. मला ती पद्धत अतिशय सभ्य वाटते. पण ती संगणक कोळून प्यायलेल्या मोजक्या लोकांपुरतीच राहिली, मावशीपर्यंत कधी पोहोचली नाही.

खाते काही आठवड्यांनी एके दिवशी आपोआप उघडले. क्षमा मागितलेली नव्हती, कारण दिलेले नव्हते. नातेवाइकांनी अभिनंदन केले, पण मावशी खूश झाली नाही. “न सांगता नेले आणि न सांगता दिले. म्हणजे पुन्हा नेता येईल,” ती म्हणाली, आणि मग तिने मला विचारले, की असे कोणाला नेता येणार नाही अशी जागा आहे का. मी तिला नॉस्टरविषयी सांगितले.

नॉस्टर हा प्रोटोकॉल २०२० मध्ये फियाटजाफ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने मांडला. त्यात कंपनी नाही, मुख्य सर्व्हर नाही, खाते उघडणे नाही. तुमच्या फोनवरचे ॲप एक प्रचंड मोठी संख्या यदृच्छेने निवडते, दशमान पद्धतीत लिहिली तर सुमारे ७७-७८ अंकी. ती खाजगी किल्ली. तिच्यावरून जाहीर किल्ली काढली जाते, आणि ही जाहीर किल्ली म्हणजेच तुम्ही. तुम्ही जे लिहाल त्यावर तुमच्या फोनवरच सही होते आणि तो सही केलेला मजकूर ‘रिले’ नावाच्या अनेक सर्व्हरना एकाच वेळी पाठवला जातो. एकच सही केलेले पत्र पंचक्रोशीतल्या प्रत्येक चावडीवर लावून यावे तसे हे आहे. एका पाटलाने फाडले तरी दुसऱ्या गावी वाचता येते, आणि सही असल्यामुळे मधल्या कोणाला त्यात काना-मात्रा घालता येत नाही. हे शब्दशः खरे आहे. मजकुरात एक वेलांटी बदलली तरी त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला गणिती ठसा, संपूर्ण वेगळा येतो आणि सही खोटी ठरते. इतकेच काय, ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी टंकता येतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण सहीच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर आहेत. रिले चालवणाऱ्याला कोणाचे लिखाण ठेवायचे आणि कोणाचे नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याला तुम्हाला हाकलता येते, तुमची ओळख मात्र काढून घेता येत नाही, कारण ती त्याने दिलेलीच नसते.

मावशीच्या फोनवर आम्ही किल्ली तयार केली. ॲपने फोन नंबर विचारला नाही, ईमेल विचारला नाही, जन्मतारीख विचारली नाही. मावशी आधार कार्ड हातात घेऊन बसली होती, ते तिने परत पाकिटात ठेवले. नावासाठी एक रिकामी जागा तेवढी होती, आणि मला या प्रोटोकॉलमधली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्या जागेत आहे. नॉस्टरवरच्या प्रत्येक नोंदीला एक प्रकार-क्रमांक असतो. आपण एरवी लिहितो ती साधी टिपणे १ क्रमांकाची. नाव आणि परिचय हे ० क्रमांकाच्या नोंदीत जातात, आणि ती नोंदसुद्धा तुम्हीच सही करून पाठवलेला एक मजकूर असते. नवी पाठवली की जुनीची जागा ती घेते. म्हणजे नाव हे माणसाने स्वतःविषयी केलेले एक विधान आहे, वाटेल तेव्हा बदलता येणारे, आणि माणूस त्या विधानाच्या मागे आहे तसाच राहतो. मावशीने आधी माहेरचे नाव लिहिले, मग थोडे थांबून कंसात सासरचेही घातले. काकांनी तांदळात लिहिलेले ते नाव तिने असे स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच कुठेतरी लिहिले, कारण कागदोपत्री ते नेहमी दुसरे कोणीतरी लिहीत आले होते.

मात्र हे लिहिताना मला पालघर आठवते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली त्याविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीला, आणि त्या ओळी ‘लाइक’ केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. ज्या कलमाखाली ती झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तिथे फेसबुकच्या जागी नॉस्टर असते तर त्यांच्या ओळी कोणाला पुसता आल्या नसत्या, पण दारात आलेल्या पोलिसांना कोणत्याही प्रोटोकॉलने अडवले नसते. शब्द वाचवणे आणि शब्द लिहिणाऱ्याला वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी न्यायालय लागते, वकील लागतो, शेजारी लागतात. सेन्सॉरला न जुमानणाऱ्या तंत्रज्ञानाची स्तुती करणारे लोक हा फरक पुरेसा बोलून दाखवत नाहीत, आणि तो न सांगता कोणा मुलीच्या हाती अशी किल्ली देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. रिलेला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसू शकतो, हेही तिला त्याच वेळी सांगायला हवे.

भारतातून अशा जागांकडे लोक मोठ्या संख्येने गेले ते बहुधा नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेकांनी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर घरे केली. मॅस्टोडॉनची रचना संघराज्यासारखी आहे: अनेक स्वतंत्र सर्व्हर, आणि त्यांना जोडणारा ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल, ज्याला जानेवारी २०१८ मध्ये वेबच्या मानकसंस्थेने मान्यता दिली. एका सर्व्हरचा मालक पटला नाही तर दुसरीकडे जाता येते. पण जाताना अनुसरणारे बरोबर येतात आणि जुने लिखाण मागे राहते. नाव पुन्हा ‘ॲट’च्या उजवीकडच्या घराला बांधलेले असते. त्या नोव्हेंबरात गेलेल्यांपैकी बरेच जण काही दिवसांत परतले. मोकळ्या जागेत पोहोचल्यावर तिथे आपली माणसे नाहीत हे लक्षात येते, आणि माणसे नसलेले स्वातंत्र्य फार दिवस सोसत नाही. नॉस्टरवर मावशीला हेच जाणवले. तिने कुर्डूच्या भाजीवर सुंदर टिपण लिहिले आणि त्याला उत्तर आले ते पोर्तुगीज भाषेत.

ज्यांना जागेची भीती वाटते ते तिच्या दारावर पहारा बसवतात. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने मॅस्टोडॉन, नॉस्टर अशा ठिकाणांचे दुवे देण्यावर बंदी घातली आणि गदारोळ होताच ती मागे घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नॉस्टरचे डॅमस हे ॲप आयफोनवर आले आणि आठवडाही उलटला नव्हता तोच चीनच्या ॲप स्टोअरमधून ते काढले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात भारत सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचे कारण देऊन १४ ॲप रोखली, त्यांत ब्रायर होते, आणि मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारे एलिमेंटही होते. प्रोटोकॉल कोणाच्या मालकीचा नसतो, पण आपण त्याच्यापर्यंत ज्या फोनवरून, ज्या दुकानातून आणि ज्या तारेवरून जातो त्यांना मालक असतात. ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीर खोऱ्यात कित्येक महिने इंटरनेटच नव्हते, तिथे किल्ली असूनही सही केलेला मजकूर घराबाहेर गेला नसता. ब्लूटूथवरून फोन ते फोन निरोप नेणारी ब्रायर किंवा बिटचॅट यांसारखी ॲप म्हणूनच मला महत्त्वाची वाटतात; त्यांच्यामागे कोणती श्रीमंत कंपनी नसली, तरी तार कापलेल्या गावात तीच उपयोगी पडतील.

आणि तरीही माझ्या मनात एक भाग आहे जो या सगळ्याला घाबरतो. पुसता न येणे हा ज्याला गुण वाटतो, त्याने एखाद्या मुलीचे छायाचित्र तिच्या इच्छेविरुद्ध पसरलेले पाहिलेले नसते. नॉस्टरवर आपले टिपण मागे घेण्याची सोय आहे, पण ती विनंती असते. एखादा रिले ती मानतो, एखादा मानत नाही. दुसऱ्याने टाकलेल्या गोष्टीविषयी तर तीही करता येत नाही. तिथे मग रिले चालवणाऱ्यांचा विवेक, आणि वाचणाऱ्याने कोणाला ऐकायचे याची स्वतः केलेली निवड, एवढ्यावरच भिस्त राहते. हे पुरेसे नाही. तरीसुद्धा मी या बाजूची आहे. दुरून, न पाहता, न ऐकता एखाद्या बाईला ‘तू ती नाहीस’ असे सांगण्याचा अधिकार कोणाकडेही एकवटू नये, असे मला मनापासून वाटते.

राहिला प्रश्न किल्लीचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात मावशीच्या घरात माळ्याच्या खालपर्यंत वाशिष्ठीचे पाणी होते. कपाटातले कागद चिखलात एकमेकांना चिकटून लगदा झाले. शाळेने दाखल्याची दुसरी प्रत दिली, बँकेने पासबुक दिले, नगरपालिकेने विवाह नोंदणीचा उतारा पुन्हा काढून दिला. त्या वेळी रांगेत उभे राहताना तिने सरकारला बोल लावले होते, पण दर रांगेच्या शेवटी एक माणूस होता ज्याला ती सांगू शकत होती, की माझे सगळे वाहून गेले. नॉस्टरची खाजगी किल्ली वाहून गेली तर अशी रांग कुठेच नाही. दुसरी प्रत देणारे कार्यालय नाही. आणि ती कोणाच्या हाती लागली तर तो कायमचा मावशी होईल. जुनी किल्ली रद्द करून नवी घेण्याची सर्वमान्य रीत तिथे अजून नाही. ज्या गुणामुळे कोणी ओळख काढून घेऊ शकत नाही, त्याच गुणामुळे कोणी ती परतही देऊ शकत नाही.

हे सांगितल्यावर मावशी गप्प होईल असे मला वाटले होते. तिने वही मागितली. १९७७ च्या पद्धतीतल्या त्याच शमीर यांनी १९७९ मध्ये गुपित वाटून ठेवण्याची रीत दिली होती, ती मी तिला मोडकीतोडकी सांगू लागले तशी ती मला थांबवून स्वतःच आकृती काढू लागली. दोन बिंदूंतून हवे तितके अन्वस्त, म्हणजे y = ax² + bx + c अशा वर्गसमीकरणाचे वक्र, काढता येतात, पण तीन बिंदू दिले की एकच ठरतो. तेव्हा आपली किल्ली ही वर्गसमीकरणातली स्थिर संख्या मानायची, त्या वक्रावरचे पाच बिंदू पाच जणांना द्यायचे. कोणतेही तिघे एकत्र आले तर किल्ली परत मिळते, दोघे आले तर काहीच कळत नाही. “दहावीच्या पोरांना कळेल,” ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिचा वर्गातला आवाज मी ऐकला. त्यानंतरची सगळी दुपार माणसे ठरवण्यात गेली. पुण्याची लेक नक्की, मी नक्की. मामाचे नाव मी सुचवले ते तिने काढले, कारण मामा हल्ली त्या पुण्याच्या लेकीकडेच असतो आणि दोन तुकडे एका कपाटात जातील. पुराची आठवण ठेवून चिपळुणातल्या सखल भागात दोनपेक्षा जास्त तुकडे असता कामा नयेत असे तिने ठरवले, कारण दोन गेले तरी तीन उरतात. मग शेजारच्या वहिनींचे आणि गुहागरच्या मुख्याध्यापक बाईंचे नाव घेताना ती बराच वेळ थांबली. तिला चोरांची भीती नव्हती. आपल्या भल्यासाठी म्हणून तिघे एकत्र बसतील आणि आपल्याला न विचारता आपल्या नावाने काहीतरी करतील, अशी कोणतीही तीन माणसे त्या पाचांत तिला नको होती. चार नावे झाली आहेत. पाचव्या जागी तिला दापोलीला असलेली एक जुनी विद्यार्थिनी हवी आहे, आणि माझे म्हणणे आहे की आधी त्या मुलीला विचारायला हवे.